नाचणी की दूध? पाळी गेल्यानंतरचा हिशेब

पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे हार्मोन घसरतं आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. त्यात जेवणातून कॅल्शियम कमी पडलं, तर मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त हार्मोन सोडतात आणि रक्तातली तूट हाडांतून भरून काढली जाते. या वयात दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं.

कागदावर नाचणी जिंकते: १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम, दुधात १२०च्या आसपास. पण एका भाकरीला पीठ लागतं ४०-५० ग्रॅम, शिवाय नाचणीतलं फायटेट (धान्यात मुळातच असणारा एक घटक) बरंचसं कॅल्शियम अडवून धरतं. आई नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायची, मग वाळवून दळायची. मोडांमुळे फायटेट घटतं. (तिला हे ठाऊक नव्हतं; सत्त्व चवीला छान लागतं, एवढंच तिचं म्हणणं.)

दुधाचं काम सोपं. कप भरला, प्यायला. कॅल्शियमही चांगलं शोषलं जातं. चहातलं दोन चमचे दूध मात्र यात धरू नका! दुधाने पोट फुगत असेल तर दही घ्या.

मी स्वतः सकाळी दूध आणि रात्री भाकरी असं ठेवलंय. ड जीवनसत्त्व कमी असेल तर दोन्हींतलं कॅल्शियम नीट अंगी लागत नाही, तेवढं डॉक्टरांना विचारून तपासून घ्या.