टायबेरियसचं डेनारियस मागवलं: नाण्याला पाच स्टार, दुकानाला तीन

रोमन सम्राट टायबेरियसचं हे डेनारियस, म्हणजे चांदीचं नाणं, लंडनच्या एका नाणेवाल्याकडून ऑनलाइन घेतलं, दोनशे पौंड गेले. पाकीट फोडलं आणि बायको म्हणाली, एवढंसंच? वेबसाइटवर फोटो स्क्रीनभर, हातात आलं ते इथल्या पाच पेन्सएवढं, वजन पावणेचार ग्रॅम. चांदी मात्र अस्सल आहे.

चेहरा झकास उतरलाय. सरळ नाक, मिटलेले ओठ, डोक्यावर पानांचा मुकुट आणि त्याची मानेवर लोंबणारी फीत, भिंग घेऊनच बघा. गडी गादीवर आला तेव्हा ५४ वर्षांचा होता पण माझ्या नाण्यावर सुरकुती शोधून सापडत नाही.

खरी गंमत कडेच्या अक्षरांत आहे. टायबेरियस सीझर, देव ऑगस्टसचा मुलगा, ऑगस्टस (हे शेवटचं म्हणजे पदवी). आता हा आधीच्या सम्राटाच्या, म्हणजे ऑगस्टसच्या, बायकोचा आधीच्या नवऱ्यापासूनचा पोरगा, इ.स. ४ मध्ये दत्तक घेतलेला, पण दत्तक हा शब्द नाण्यावर कुठंय? बाप देव, मी वारस, विषय संपला. मागे बसलेली बाई, बरेच जण म्हणतात त्याची आई लिव्हिया, आणि बाजूला लिहिलंय 'मुख्य पुरोहित'. साहेब इ.स. २६ मध्ये रोम सोडून गेले, कॅप्री बेटावर जाऊन राहिले ते ३७ मध्ये मरेपर्यंत रोममध्ये परत पाऊल नाही, पण तोंड घरोघरी पोचलेलं. रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहिलंय की याच्या राज्यात ऑगस्टसचा चेहरा असलेलं नाणं संडासात नेलं तरी जिवावर बेतायचं! आपल्या शिवराईवर चेहराच नाही, एकीकडे 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', बस.

आता तक्रार. मागच्या बाजूला घासून साफ केल्याचे बारीक ओरखडे आहेत, फोटोत लाइट असा मारलाय की ते दिसतच नाहीत आणि वर्णनात एक शब्द नाही. मेल केला तर उत्तर, दोन हजार वर्षं जुनं आहे हो. अहो ते मलाही माहितीये, ओरखडे जुने नाहीयेत ना! शिवाय 'ट्रिब्यूट पेनी', म्हणजे कराचं नाणं, म्हणून किंमत चढवलेली, येशूने 'सीझरचं सीझरला द्या' म्हटलं ते हेच नाणं म्हणे, पण बायबलमध्ये तिथे कुठला सीझर, म्हणजे कुठला सम्राट, ते लिहिलेलंच नाहीये. अक्षरं एका बाजूला थोडी कापली गेलीत, त्याचं काही नाही, हाताने ठोकलेलं नाणं तसंच असणार.

परत पाठवायला १४ दिवस होते. तेराव्या दिवशी पुन्हा भिंगातून बघितलं आणि ठेवून घेतलं.