राउटरचं फर्मवेअर: इमेज बिल्डर की सोर्सपासून बिल्ड?

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी, लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली) आपल्या गरजेनुसार बनवायचंय, पण इमेज बिल्डर घेऊ की अख्खा सोर्स (मूळ कोड), असं एका मित्राने विचारलं. मी दोन्ही वापरतो.

वेळ: इमेज बिल्डर तयार पॅकेजेस फक्त जोडतो, काही मिनिटांत काम होतं. सोर्स बिल्डमध्ये आधी टूलचेन (कंपायलर वगैरे साधनं), मग कर्नल (प्रणालीचा गाभा), मग बाकी सगळं. पहिल्या खेपेला काही तास आणि १०-१५ जीबी डिस्क धरून चाला.

जागा: ८ एमबी फ्लॅशवर खरी ओढाताण इथेच. चालू राउटरवरून मूळ पॅकेज काढलं तरी जागा सुटत नाही, कारण ते स्क्वॉशएफएस या फक्त-वाचनीय फाइल सिस्टिममध्ये बसलेलं असतं. इमेज बिल्डरमध्ये नावाआधी उणे चिन्ह टाकलं की ते इमेजमध्ये येतच नाही. कर्नलमधला एखादा पर्याय बंद करायचा असेल तर मात्र सोर्सला पर्याय नाही.

नंतरची डोकेदुखी: कर्नलचं कॉन्फिगरेशन बदललं की त्याचा हॅश (त्यावरून काढलेला ओळख-आकडा) बदलतो आणि अधिकृत रिपॉझिटरीतली कर्नल मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे कर्नलला जोडायचे भाग) बसत नाहीत. यूएसबीचं एक साधं मॉड्यूल विसरलो आणि पुन्हा बिल्ड करत बसलो! त्यामुळे मेन्यूकॉन्फिगमध्ये (बिल्डचे पर्याय निवडायच्या मेन्यूत) लागतील ती मॉड्यूल्स आधीच निवडा.

पॅकेजेस कमी-जास्त करायची, आपल्या सेटिंगच्या फाइल्स आत घालायच्या, एवढंच असेल तर इमेज बिल्डर. ड्रायव्हरला पॅच लावायचा किंवा नवं हार्डवेअर चालवायचं असेल तर सोर्स. आणि एकच पॅकेज कंपाइल करायचं असेल तर दोन्ही सोडा, एसडीके (पॅकेजेस कंपाइल करायचा तयार संच) घ्या.