अॅक्वा दी जिओ: समुद्र कमी, कलिंगड जास्त (पण मला आवडलं)

मरीन परफ्यूम म्हणजे समुद्राचा वास, असं ज्याने कोणी ठरवलं तो मालाडजवळच्या मढ गावाला कधी आलेला दिसत नाही. माझं आजोळ तिथलं. आमच्याकडे समुद्र म्हणजे बांबूवर सुकत घातलेले बोंबील, बोटीचं डिझेल आणि ओहोटीचा चिखल, हे बाटलीत भरलं तर घेणार कोण 😀

तर घेतलंय अरमानीचं अॅक्वा दी जिओ, साधं ईडीटी (ओ द तॉयलेट, म्हणजे जरा हलक्या ताकदीचं सेंट), छोटी बाटली. पुरुषांचं आहे, पण मी बाई असून बिनधास्त लावते. १९९६ सालचं सेंट, तरी जुनाट वाटत नाही. मारल्या मारल्या लिंबू-संत्र्याच्या सालीचा झटका येतो, दहा-पंधरा मिनिटांत तो ओसरला की मग ओलसर, गार, किंचित गोड असं काहीतरी वर येतं. ते लावून आजीकडे गेले तर तिने हात हुंगला आणि म्हणाली, "कलिंगड कापलंस काय गो?" म्हातारीचं नाक बरोबर होतं! बऱ्याच मरीन सेंटांमधे कॅलोन नावाचं रसायन असतं, फायझर या औषध कंपनीच्या लोकांना ते १९६६ मधे सापडलं, आणि त्याचा वास चक्क कलिंगड-टरबुजाकडे जातो. आपल्याला त्यात समुद्र दिसतो तो निळ्या जाहिरातींमुळे, असं माझं मत.

याआधी एकदा फसलेय म्हणून सांगते. मॉलच्या एसीत कागदाची पट्टी हुंगून दुसरंच एक निळं सेंट उचललं, नाव नाही घेत, आणि मे महिन्यात विरार फास्ट लोकलमधे घामात मिसळून त्याचा असा काही फिनेल झाला की मलाच माझ्यापासून लांब उभं राहावंसं वाटत होतं. म्हणून या वेळी काउंटरवर मनगटावर मारून घेतलं, "नंतर येते" म्हटलं आणि सरळ लोकल पकडली. मालाड ते चर्चगेट, घाम, गर्दी, सगळं झाल्यावर परत हुंगलं, तेव्हाही बरं वाटलं, मगच पुढच्या आठवड्यात पैसे टाकले. काउंटरवरची मुलगी कॉफीच्या बिया पुढे करत होती, त्यापेक्षा आपलाच कोपर हुंगा, नाक तेवढंच ताजं होतं आणि एका वेळी दोन-तीनच्या वर सेंटं बघूच नका, नंतर सगळी सारखीच लागतात.

लावायचं म्हणाल तर दोन फवारे बास, एक मानेला आणि एक कॉटनच्या ओढणीवर. कातडीपेक्षा कपड्यावर जास्त टिकतं, माझ्या ओढणीला संध्याकाळपर्यंत येतो वास. पण सकाळी ८:२० च्या लेडीज डब्यात पाच-सहा फवारे मारून चढू नका हं, शेजारणीचं नाक तुमच्या खांद्यालाच टेकलेलं असतं.

स्वस्त नाहीये. मी दिवाळीच्या बोनसमधून घेतलं आणि मढला जाताना आता लावत नाही, आजी लगेच विचारते, "एकटीच खाल्लंस?"