दडा बसलेल्या कानासाठी नाकाने फुगवायचा फुगा : ओटोव्हेंट

सर्दी ओसरून कितीतरी आठवडे उलटले तरी एक कान गच्चच राहतो. आवंढा गिळला की आत पट् असा आवाज होतो, क्षणभर मोकळे वाटते आणि लगेच पुन्हा दडा बसतो. या तक्रारीचे मूळ नाकाच्या मागून कानाकडे जाणारी युस्टेशियन नळी नीट न उघडण्यात आहे असे तपासणीत ठरले असेल, तर ओटोव्हेंट हे साधन घेण्याजोगे आहे, असे ते काही महिने नियमाने वापरल्यानंतर माझे मत झाले आहे. माझे काम ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून लिहून काढण्याचे असल्यामुळे दोन कानांतला फरक मला दिवसभर जाणवत असे, आणि सुधारणा खरोखर होते आहे की नुसते तसे वाटते आहे, हे पडताळण्याची संधीही त्याच कामाने दिली.

ओटोव्हेंट हे ॲबिगो या स्वीडिश कंपनीचे उत्पादन आहे. पाकिटात नाकपुडीला लावायचे प्लास्टिकचे एक छोटे नळकांडे आणि त्यावर चढवायचे पाच फुगे मिळतात. औषध त्यात काहीही नाही. नळकांडे एका नाकपुडीला घट्ट टेकवायचे, दुसरी नाकपुडी बोटाने दाबायची, तोंड मिटायचे आणि नाकानेच फुगा फुगवायचा, एवढीच त्याची कृती आहे. घरातल्या मंडळींना हा पोरखेळ वाटण्याची शक्यता आहे, पण त्यामागचे शरीरशास्त्र पक्के आहे आणि ते समजून घेतले तर वापरही नीट होतो.

कानाच्या पडद्यामागच्या पोकळीला बाहेरची हवा मिळण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे नाकाच्या मागच्या भागापासून त्या पोकळीपर्यंत जाणारी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांबीची युस्टेशियन नळी. ही नळी एरवी मिटलेली असते आणि गिळताना किंवा जांभई देताना टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात. मधल्या कानाचे अस्तर तिथली हवा सतत थोडी थोडी शोषून घेत असते, त्यामुळे नळी वेळोवेळी उघडली नाही, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, पडदा आत ओढला जातो आणि कान भरल्यासारखा वाटतो; हे लांबले तर त्या पोकळीत पाणी साठते. गिळताना येणारा तो पट् आवाज म्हणजे सुजलेल्या, ओलसर नळीच्या चिकटलेल्या भिंती सुटण्याचा आवाज. तो त्रासदायक वाटला तरी नळी पूर्ण बंद नाही, हे त्यातून कळते. फुगा फुगवताना नाकामागच्या पोकळीत जो दाब तयार होतो, तो या नळीला खालच्या तोंडाकडून उघडण्यास मदत करतो.

ही कल्पना नवी नाही. व्हिएन्नातील कर्णतज्ज्ञ ॲडॅम पोलित्झर यांनी १८६३ मध्ये अशी पद्धत मांडली होती, की रुग्णाने पाण्याचा घोट गिळावा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने रबरी पिशवी दाबून त्याच्या नाकात हवा सोडावी. तिला दुसरा माणूस लागतो आणि गिळण्याची व पिशवी दाबण्याची वेळही जुळावी लागते. फुग्याच्या बाबतीत दाब आपलाच आणि वेळही आपलीच.

तरीही हे साधन मागवण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण दडा बसल्याची भावना अगदी वेगवेगळ्या कारणांनी येते. कानात मळ घट्ट बसला असेल तर तो काढणे हाच उपाय आहे. जबड्याच्या सांध्याचा दोष असेल तर चावताना किंवा तोंड मोठे उघडताना कानाजवळ कट् असा आवाज येतो आणि तिथे फुग्याचा काहीही संबंध नसतो. काहींची नळी गरजेपेक्षा जास्त उघडी राहते. त्यांना स्वतःचा श्वास आणि स्वतःचा आवाज कानात घुमल्यासारखा ऐकू येतो, आडवे झाल्यावर बरे वाटते, आणि अशांनी कानात हवा भरण्याचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एका कानाची श्रवणशक्ती एकाएकी, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कमी झाली असेल, तर रुग्णाला पुष्कळदा ‘कानाला दडा बसला’ एवढेच वाटते. पण ती आतल्या कानाची किंवा श्रवणाच्या मज्जातंतूची तातडीची व्याधी असू शकते आणि तिच्यावरचे उपचार लवकर सुरू व्हावे लागतात. अशा वेळी फुगा फुगवत बसणे म्हणजे मोलाचे दिवस घालवणे आहे. प्रौढ माणसाच्या एकाच कानात पाणी साठून राहत असेल, तर नाकामागच्या भागात गाठ तर नाही ना, हे दुर्बिणीने पाहून घेणेही आवश्यक असते.

माझ्या बाबतीत तज्ज्ञांनी दुर्बिणीने नाकाची मागची बाजू पाहिली आणि ऑडिओमेट्रीबरोबर, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीबरोबर, टिंपॅनोमेट्रीही केली. या दुसऱ्या तपासणीत कानाच्या तोंडाशी हवेचा दाब कमी-जास्त करून पडदा किती हलतो याचा आलेख काढतात. त्यात दुखत नाही आणि वेळही फारसा लागत नाही. आलेखाचे टोक शून्याच्या आसपास असेल तर त्याला ‘ए’ प्रकार म्हणतात, ते ऋण दाबाकडे सरकलेले असेल तर ‘सी’, आणि टोकच नसलेली सपाट रेषा आली तर ‘बी’, जी बहुधा पडद्यामागे पाणी असल्याचे दाखवते. माझा आलेख ‘सी’ होता. साधन वापरण्यापूर्वीचा असा कागद हाती असला, की पुढे तुलना करता येते. म्हणून ही तपासणी टाळू नये.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. नवा फुगा पहिल्यांदा नाकाने फुगवणे जड जाते, म्हणून तो आधी हाताने ताणून घ्यावा आणि एक-दोनदा तोंडाने किंवा पंपाने फुगवून सैल करावा. नाक हलकेच शिंकरून मोकळे करावे. फुगवताना गालांत हवा भरली, तर जोर गालातच जिरतो आणि नाकामागे दाब तयार होत नाही, म्हणून ओठ व गाल स्थिर ठेवावेत. जोर एकदम न लावता हळूहळू वाढवावा आणि फुगा मुठीएवढा झाला की थांबावे. यानंतरचा टप्पा माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे : नळकांडे नाकपुडीला तसेच धरून, फुग्यातली हवा नाकात परत येत असतानाच आवंढा गिळावा. गिळताना स्नायू नळी उघडतात, त्याच वेळी नाकामागे दाबही असतो, आणि या दोन्ही गोष्टी जुळून आल्या की कान मोकळा झाल्याचे स्पष्ट कळते. नुसता फुगवून सोडून दिलेला फुगा आणि गिळण्याशी जुळवलेला फुगा यांत मला फार मोठा फरक जाणवला. मग हीच कृती दुसऱ्या नाकपुडीने करावी. मी सकाळी, दुपारी आणि रात्री असा क्रम ठेवला होता.

सुरुवातीला कान काही मिनिटेच मोकळा राहत असे आणि काही वेळा तर मुळीच सुटत नसे. पुढे दडा बसण्यातले अंतर वाढत गेले. ज्या मुलाखती मी एका कानाने ऐकत होते, त्या दोन्ही कानांनी सारख्या ऐकू येऊ लागल्या, आणि पुढच्या टिंपॅनोमेट्रीत आलेखाचे टोक मध्याकडे सरकलेले दिसले. या काळात तज्ज्ञांनी दिलेला स्टिरॉइडचा नाकातला स्प्रेही चालू होता, कारण मला धुळीची ॲलर्जी आहे. त्यामुळे सगळे श्रेय फुग्याला देणे योग्य होणार नाही. मात्र फुगा फुगवल्याबरोबर कान मोकळा होणे हा परिणाम फुग्याचाच आहे, याविषयी मला शंका नाही, कारण स्प्रेचा उपयोग दिसायला दिवस, कधी आठवडेही लागतात.

पुण्याहून मुंबईला जाताना बोरघाट उतरणे ही माझ्यासाठी खरी परीक्षा होती. घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो आणि कानातली जास्तीची हवा नळीतून आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो आणि हवा आत घेण्यासाठी नळी स्नायूंनी उघडावी लागते. लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत साडेपाचशे मीटरांच्या आसपास उतार आहे, म्हणजे दाबात सुमारे ६० हेक्टोपास्कलचा फरक पडतो. खंडाळा मागे पडण्याआधीच एकदा फुगा वापरला आणि उतरताना वरचेवर गिळत राहिले, की खोपोलीला कान ठणकत नाही. विमानात हेच गणित अधिक मोठे असते, कारण केबिनमधला दाब समुद्रसपाटीपासून ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या दाबाइतका ठेवलेला असतो. तिथेही विमान खाली येऊ लागताच सुरुवात करावी, कान पूर्ण बंद होण्याची वाट पाहू नये.

पुराव्याकडे पाहिले, तर तो मुख्यतः मुलांविषयीचा आहे. ब्रिटनमध्ये कानात पाणी साठलेल्या ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर झालेली चाचणी २०१५ मध्ये कॅनेडियन मेडिकल असोसिएशन जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी, दिवसातून तीनदा नाकाने फुगा फुगवणाऱ्या गटातील ४९.६ टक्के मुलांचा टिंपॅनोमेट्रीचा आलेख पूर्ववत झाला होता, तर नेहमीची काळजी घेतलेल्या गटात हे प्रमाण ३८.३ टक्के होते. फरक आहे, पण तो माफक आहे, आणि फुगा न वापरताही बरीच मुले बरी होतात हेही त्यातून दिसते. ज्या पालकांना शस्त्रक्रियेचा निर्णय काही महिने थांबवण्यास सांगितले आहे, त्यांना या काळात करण्याजोगे काहीतरी या साधनाने मिळते.

इतर उपायांशी तुलना करायची, तर नाक दाबून कानात हवा भरण्याची वाल्साल्व्हा पद्धत फुकट आहे आणि पुष्कळांना पुरते. मात्र तिच्यात आपण किती जोर लावतो हे कळत नाही, आणि फार जोर लावल्यास आतल्या कानाला इजा होऊ शकते. फुग्याच्या आकारावरून हा अंदाज येतो, हा त्याचा मोठा गुण मला वाटतो. वाढदिवसाचा साधा फुगा यासाठी वापरू नये, कारण तो ठरावीक दाबाला फुगेल असा बनवलेला नसतो. नाक चोंदल्यावर घालायचे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब प्रवासापुरते ठीक आहेत, पण ते सलग काही दिवसांहून अधिक वापरले तर नाक उलट जास्त चोंदते. वाफेने नाकाला बरे वाटते. कानात घातलेले तेल अखंड पडद्यापलीकडे जात नाही, तेव्हा नळीच्या दोषावर त्याचा उपयोग नाही. आणि कानात पेटवायच्या ज्या पोकळ मेणबत्त्या ऑनलाइन विकल्या जातात, त्या तर भाजण्याचा आणि पडद्याला इजा होण्याचा धोका घेऊन येतात, त्यांच्या वाटेला कोणीही जाऊ नये. नळीत बारीक बलून घालून ती रुंद करण्याच्या शस्त्रक्रियेला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. तो पर्याय दीर्घकाळ हटून बसलेल्या तक्रारीसाठी आहे आणि त्याचा निर्णय तज्ज्ञांबरोबरच व्हावा.

साधनाच्या मर्यादाही आहेत. फुगा वापरून सैल पडतो आणि मग पुरेसा दाब देत नाही; म्हणून साधारण वीस वेळा वापरल्यावर तो बदलावा लागतो, आणि दिवसातून तीनदा दोन्ही नाकपुड्यांनी वापरणाऱ्याचे फुगे पाहता पाहता संपतात. हा चालू खर्च धरूनच खरेदी करावी. भर सर्दीत नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड येत असताना, कान ठणकत किंवा वाहत असताना, अथवा कानाची वा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असताना तो वापरू नये. घोळणा वारंवार फुटणाऱ्यांनी आणि पडद्याला छिद्र असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी पाकिटावरचा मजकूर नीट वाचावा. लहान मुलाच्या हाती हा फुगा एकट्याने देऊ नये, कारण तो घशात अडकू शकतो. एकाचे नळकांडे घरातल्या दुसऱ्याने वापरू नये आणि प्रत्येक वापरानंतर ते कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे.

आमच्या भागातल्या औषधांच्या दुकानांत हे साधन मला मिळाले नाही, म्हणून ते ऑनलाइन मागवावे लागले. एका विक्रेत्याने सील उघडलेले पाकीट पाठवले होते, ते मी परत केले. नाकाला लावायच्या वस्तूच्या बाबतीत सील आणि वापराची मुदत पाहूनच पाकीट ठेवून घ्यावे, आणि सुटे फुगे त्याच विक्रेत्याकडे मिळतात का, हे मागणी नोंदवण्यापूर्वीच विचारून घ्यावे.