बटरफ्लाय वीड, तीन उन्हाळ्यांनंतर: मे महिन्यात खणू नका

गेल्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी बटरफ्लाय वीडचं एक जिवंत झाड मेलं समजून खणून काढलं. ते अजून सलतंय, म्हणून बाकीचं सोडून आधी तेच सांगते.

आम्ही इलिनॉयमध्ये, शिकागोपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. या राज्याला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात, पण मूळ प्रेअरीचा, म्हणजे इथल्या गवताळ माळरानाचा, हजारावा हिस्साही धड उरलेला नाही. जिकडे बघावं तिकडे मका आणि सोयाबीन. निदान अंगणाच्या कडेला तरी इथल्या मातीचं काही असावं म्हणून बटरफ्लाय वीड या इथल्याच रानझाडाच्या चार कुंड्या आणल्या, ९ डॉलरला एक. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येकीला दोन-दोन केशरी गुच्छ आले आणि थंडीत सगळं वाळलं.

एप्रिलमध्ये ट्युलिप फुलले, मेमध्ये कोनफ्लॉवर वीतभर वाढला, आणि या चार जागी नुसती माती. खुरपं घातलं तर सोटमूळ मधोमध मोडलं. आत पांढरं, ओलं, गाजरासारखं कडक. वरच्या टोकाला तांदळाएवढे कोंब. नर्सरीची वर्षभराची हमी होती, म्हणून ते मूळ घेऊन गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, हे मेलेलं नव्हतं, खणल्यामुळे मोडलंय. पैसे मिळाले नाहीत. नियम त्यांचा बरोबर असेल, पण ‘मेअखेर उगवतं, वाट पाहा’ एवढी एक ओळ लेबलवर छापायला काय लागतं? खोल सोटमुळामुळे या झाडाला हलवलेलं सोसत नाही, तेही लिहिलेलं नव्हतं.

उरलेली तिन्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात वर आली. आणि जून संपता संपता त्या रिकाम्या खड्ड्यातूनही एक बारीक कोंब निघाला, खाली राहिलेल्या मुळाच्या तुकड्यातून! तिथून या झाडाबद्दलचं माझं मत बदललं.

त्याच ऑगस्टमध्ये पाच आठवडे पाऊस नव्हता. लॉन वाळलं, हायड्रेंजियाला रोज पाइप लावावा लागला, पाण्याचं बिल वाढलं. याला मी थेंबभरही पाणी घातलं नाही आणि एक पान सुकलं नाही. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, “अगं, ही तर रुईची बहीण दिसते. रुईला कोण पाणी घालतं?” नातं खरंच आहे, दोघी एकाच कुळातल्या. फुलाला तसाच पाच कोनांचा मुकुट, शेंगेत तशीच म्हातारी. फक्त याचं पान तोडलं तर पांढरा चीक येत नाही. मावासुद्धा तोच पिवळाधमक, आपल्याकडे रुईवर आणि कण्हेरीवर दिसतो तो. त्यावर औषध मारू नका, सुरवंटही मरतील. पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

मोनार्क फुलपाखराच्या बाबतीत मात्र अपेक्षा कमी ठेवा. त्याचे सुरवंट मिल्कवीड गटातल्या झाडांवरच वाढतात, आणि बटरफ्लाय वीड त्यातलंच एक. तीन उन्हाळ्यांत मिळून मला पाचच सुरवंट दिसले. मोनार्कची मादी चीक असलेली बाकीची मिल्कवीड जास्त पसंत करते. म्हणून यंदा शेजारी स्वॅम्प मिल्कवीड लावलं, पण त्याला ओल लागते, म्हणजे पुन्हा पाइप आलाच.

मधमाश्या आणि भुंगे मात्र जुलैच्या सकाळी गुच्छांवरून हलत नाहीत. याचे परागकण सुटे नसतात, जोडपिशव्यांत बांधलेले असतात. माशीचा पाय फुलाच्या फटीत अडकतो आणि ती तो ओढून काढते तेव्हा पिशवी पायाला चिकटून येते. हे बघण्यासाठी मी चहा बाहेर नेऊन पिते.

चिकणमाती असेल तर वाळू-खडी घालून जागा उंच करा. हिवाळ्यात पाणी साचलं की मूळ कुजतं. पैसे वाचवायचे असतील तर बी लावा. ओल्या वाळूत महिनाभर फ्रिजमध्ये ठेवून मग पेरायचं. फुलं यायला दोन-तीन वर्षं लागतात. यंदा माझ्या शेंगा फुटायच्या आधीच बी काढून ठेवलंय. चारही झाडांपाशी आइस्क्रीमच्या काड्या रोवल्या आहेत, त्यांवर पक्क्या शाईने लिहिलंय: ‘१५ जूनपर्यंत खणायचं नाही.’