ड्रॅगसाठी इग्निशन बॉक्स: एमएसडी ६एएल, ६एएल-२ की ७एएल?

कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर असलेली व्ही-८ ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे क्वार्टर माइलच्या सरळ शर्यतीत, पळवणाऱ्या बहुतेकांना एमएसडी या कंपनीचा डिजिटल ६एएल-२ हा इग्निशन बॉक्स (प्लगच्या ठिणगीसाठी कॉइलला वीज पुरवणारा) पुरतो. त्याहून वरचा बॉक्स घ्यायचा तर तशी गरज इंजिनात असायला हवी: नायट्रस (ताकद वाढवायला इंजिनात सोडतात तो वायू), टर्बो किंवा फार चढं कॉम्प्रेशन. खोक्यावर छापलेले मिलिज्यूल बघून बॉक्स निवडणारे पुष्कळ आहेत. आमचं मत असं की आधी लिमिटर (इंजिनाचे आरपीएम ठरल्या आकड्यावर अडवणारी सोय) बघावा, मग वायरिंगची सोय, आणि ठिणगीची ताकद सगळ्यात शेवटी.

ताकद शेवटी का, ते हिशोबातच दिसतं. आठ सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात चार ठिणग्या मागतं. ८००० आरपीएमला सेकंदाला ५३३ ठिणग्या झाल्या, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये जेमतेम १.९ मिलिसेकंद. साध्या इंडक्टिव्ह इग्निशनमध्ये एकाच कॉइलला पूर्ण भरायला यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून वरच्या आरपीएमला ती अर्धवट भरते आणि इंजिन मिस मारू लागतं. कपॅसिटर डिस्चार्ज बॉक्स आतला कपॅसिटर ५०० व्होल्टच्या आसपास भरून ठेवतो आणि ट्रिगर येताच तो कॉइलमध्ये सोडतो. डिजिटल ६एएलची ठिणगी सुमारे १३५ मिलिज्यूलची असते. नॅचरली ॲस्पिरेटेड (टर्बो किंवा नायट्रस नसलेल्या) इंजिनाला ती भरपूर झाली. तिथे दुप्पट ताकदीचा बॉक्स लावून टायमिंग स्लिपवर (धावेनंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर) फरक शोधायला जाल तर हाती काही लागत नाही.

मल्टिपल स्पार्कचंही तसंच. ३००० आरपीएमच्या आसपासपर्यंत हा बॉक्स क्रँकच्या २० अंशांत एकापाठोपाठ ठिणग्या टाकतो. १००० आरपीएमला २० अंश म्हणजे ३.३ मिलिसेकंद, तेवढ्यात दोन-चार ठिणग्या आरामात बसतात. मोठा कॅम, रिच मिक्स्चर, स्टेजिंग लेनमध्ये (शर्यतीआधीच्या रांगेत) थांबून थांबून काळवंडलेले प्लग: अशा वेळी याचा चांगला उपयोग होतो. लाँच (गाडी सुटणं) मात्र ४५००-५०००ला होतो, आणि तिथे सगळे बॉक्स एकच ठिणगी देतात. त्यामुळे या गुणाची किंमत सुरू होण्यापुरती आणि आयडलपुरतीच धरा.

खरा फरक लिमिटरमध्ये आहे. चांगला लिमिटर सगळ्या ठिणग्या एकदम तोडत नाही. तो आळीपाळीने वेगवेगळ्या सिलिंडरची ठिणगी गाळतो, त्यामुळे इंजिन हिसके न देता एका आरपीएमवर टिकतं आणि न जळलेलं पेट्रोल एकाच सिलिंडरमध्ये साचत नाही. टू-स्टेप लिमिटरमध्ये दोन मर्यादा असतात, खालची लाँचसाठी आणि वरची इंजिन वाचवण्यासाठी. ॲक्टिव्हेशन वायरला १२ व्होल्ट मिळत आहेत तोवर खालची चालू. मॅन्युअल गाडीत हे १२ व्होल्ट क्लचच्या स्विचमधून घ्यायचे, ऑटोमॅटिकमध्ये ट्रान्सब्रेकच्या (गिअरबॉक्सच अडवून गाडी जागी धरणाऱ्या ब्रेकच्या) बटणावरून. ॲक्सिलरेटर तळाला टेकवून ठेवा, इंजिन ४८००ला उभं राहील. बटण सोडलं की गाडी सुटते आणि मर्यादा आपोआप वर जाते. दर वेळी त्याच आरपीएमवरून सुटलं की पहिल्या ६० फुटांचा वेळ एकसारखा येतो, आणि ब्रॅकेट रेसिंग (आपणच आधी सांगितलेल्या वेळेच्या जवळात जवळ धावण्याची शर्यत) चालतं ते याच एकसारखेपणावर.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. क्लचचा स्विच पेडल तळाला असतानाच सर्किट जोडेल असा बसवला, तर पेडल जरा वर येताच लिमिटर सुटतो, क्लच अजून पकडलेला नसतो आणि इंजिन एकदम वर झेपावतं. स्विच अगदी वर बसवला तर उलट होतं: गाडी निघालेली असते आणि लिमिटर अजून तिला अडवत असतो. क्लच जिथे पकडतो, बरोबर तिथे स्विचने सर्किट तोडलं पाहिजे. त्यासाठी स्विच बसवायच्या पट्टीला लांबट भोक पाडून ठेवा म्हणजे सरकवता येतो. दुसरी गोष्ट ट्रान्सब्रेकचा सॉलेनॉइड. त्याचा प्रवाह तुटला की उलट्या व्होल्टेजचा जोरदार धक्का त्याच वायरमधून बॉक्सकडे जातो. सॉलेनॉइडच्या दोन टोकांवर डायोड लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला. तो उलटा लावला तर बटण दाबताच सरळ शॉर्ट होईल.

आता एकेक बॉक्स. जुन्या ॲनालॉग ६एएलमध्ये मर्यादा बदलायला छोटी प्लग-इन मॉड्यूल लागतात, ज्यांना सगळे पिल म्हणतात. ठरलेल्या आकड्याची पिल जवळ नसेल तर अडलंच. डिजिटल ६एएलला बॉक्सवरच डायल आहेत, लहान स्क्रूड्रायव्हरने शंभर-शंभरच्या पायरीने मर्यादा बदलते. पण मर्यादा एकच. लाँचलाही लिमिटर हवा असेल तर डायलवाला ६एएल-२ घ्या, आमची पहिली पसंती तोच. त्याला लॅपटॉप लागत नाही आणि ट्रॅकवर हवा किंवा पकड बदलली की मिनिटभरात लाँचचा आकडा बदलता येतो.

प्रोग्रॅमेबल ६एएल-२ नायट्रस आणि टर्बोवाल्यांसाठी. बूस्टप्रमाणे किंवा नायट्रस सुटताच टायमिंग मागे घेणं (रिटार्ड, म्हणजे ठिणगी उशिरा टाकणं) हे त्याचं मुख्य काम. नायट्रसला दर ५० अश्वशक्तीमागे २ अंश हा रुळलेला आकडा धरून सुरुवात करावी आणि पुढे प्लग वाचून (काढलेल्या प्लगचा रंग आणि खुणा बघून) ठरवावं. खटकणारी बाब अशी की त्याचं बोलणं जुन्या सीरियल पोर्टवर चालतं, म्हणजे आजच्या लॅपटॉपला यूएसबी अडॅप्टर आला, आणि सगळेच अडॅप्टर नीट चालत नाहीत. ट्रॅकवर जाण्याआधी घरीच जोडून पाहा. हेही ध्यानात असू द्या की बॉक्स टायमिंग फक्त मागे घेऊ शकतो. म्हणून डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स लॉक करून पूर्ण टायमिंग बसवायचं आणि तिथून बॉक्सने कमी करायचं. फार मागे घेतलं तर डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर टर्मिनलपासून सरकतो (क्रँकचे २० अंश म्हणजे रोटरचे १०) आणि ठिणगी शेजारच्या टर्मिनलवर उडी मारू लागते. रोटर फेजिंग (ठिणगीच्या क्षणी रोटर टर्मिनलसमोर आहे का ते) तपासल्याशिवाय मोठा रिटार्ड घालू नका.

७एएल हा निव्वळ रेसिंगचा बॉक्स. त्याला कंपनीने सांगितलेलीच कॉइल लागते आणि रोजच्या रस्त्यावरच्या गाडीत तो लावू नये. सिलिंडरमधला दाब इतका की ६एएलची ठिणगी विझते, प्लगचा गॅप ०.०२५ इंचापर्यंत आणूनही मिस जात नाही, अशा इंजिनाला तो घ्यावा.

बॉक्स कुठलाही असो, बिघाड बहुतेक वायरिंगमध्येच सापडतो. जाड लाल आणि जाड काळी वायर थेट बॅटरीवर न्या. बारीक लाल वायर चावीवरून, आणि ती क्रँक करतानाही जिवंत राहिली पाहिजे. नारिंगी वायर कॉइलच्या पॉझिटिव्हला, बारीक काळी निगेटिव्हला. या दोन सोडून कॉइलला दुसरं काहीही जोडायचं नाही, जुना बॅलास्ट रेझिस्टर तर नाहीच. टॅकोमीटर राखाडी वायरवर. तिथे कॉइलवर ५०० व्होल्ट खेळतात, टेस्ट लॅम्प लावायला जाऊ नका. मॅग्नेटिक पिकअपच्या (डिस्ट्रिब्युटरमधून बॉक्सला ट्रिगर देणाऱ्या सेन्सरच्या) जांभळ्या आणि हिरव्या वायर एकमेकींना पिळून, कॉइल आणि प्लगच्या वायरींपासून लांबून न्या. त्या उलट लागल्या तर इंजिन चालतं, पण टायमिंग लाइटखाली खूण नाचत राहते. त्या कॉइलच्या वायरीला चिकटून गेल्या तर बॉक्सला खोटे ट्रिगर मिळतात आणि ५०००लाच लिमिटर लागल्यासारखं इंजिन तडतडतं. सॉलिड कोअर प्लग वायर लावल्यावर हेच होतं. डिजिटल बॉक्सला स्पायरल कोअर सप्रेशन वायरच हव्यात.

चावी बंद करूनही इंजिन चालू राहिलं तर बॉक्सला दोष देण्याआधी आल्टरनेटरच्या दिव्याची वायर पाहा. तिच्यातून मागे येणारा थोडासा करंट बारीक लाल वायरला जागं ठेवतो. त्या वायरीत एक डायोड टाकला की काम झालं. बॅटरी डिकीत हलवली असेल तर एनएचआरए या अमेरिकन ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमाने मास्टर कटऑफ (गाडीची वीज तोडणारा मुख्य स्विच) लागतो आणि तो फिरवल्यावर इंजिन बंद पडलंच पाहिजे. आल्टरनेटरची चार्जिंग वायर कटऑफच्या बॅटरीकडच्या टोकाला घ्या, नाहीतर कटऑफ फिरवल्यावरही इंजिन आल्टरनेटरवर चालत राहतं.

सिलिंडरची संख्या ठरवणारे वायर लूप सोबतच्या पत्रकाप्रमाणे कापा. आठ सिलिंडरवर असलेला बॉक्स चार सिलिंडरच्या इंजिनाला लावला तर त्याला आरपीएम निम्मेच दिसतात, आणि ७०००चा लिमिटर १४०००पर्यंत लागत नाही. वरची मर्यादा गिअर बदलण्याच्या आकड्यापेक्षा २००-३०० आरपीएम वर ठेवा. अगदी चिकटून ठेवली तर पहिल्या गिअरला बदलायला किंचित उशीर होताच इंजिन लिमिटरवर आदळतं आणि वेळ जातो. फार वर ठेवली तर ड्राइव्हशाफ्ट तुटण्याच्या किंवा गिअर चुकण्याच्या क्षणी, जेव्हा बोजा नसलेलं इंजिन भन्नाट वेगाने चढतं, तेव्हा व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडते.

वापरलेला बॉक्स घेत असाल तर पैसे देण्याआधी चाचणी करा. कॉइलच्या वायरीचं टोक इन्सुलेटेड पकडीने इंजिनच्या धातूपासून अर्ध्या इंचावर ठेवा, चावी चालू करा, इंजिन फिरवू नका. पिकअपच्या कनेक्टरमध्ये जांभळी आणि हिरवी वायर पेपर क्लिपने जोडून सोडा. दर वेळी सोडताना कडक ठिणगी पडायला हवी. पडली नाही तर दुसरी कॉइल लावून पुन्हा पाहा. तरीही नाही, आणि दोन्ही लाल वायरींवर व्होल्टेज आहे, तर तो बॉक्स तिथेच ठेवा. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तेव्हा दोन्ही जाड वायरी आधी सोडवा, आणि बूस्ट चार्जर लावतानाही. १८ व्होल्टच्या वर गेलं की बॉक्स आतून जळू शकतो.