बाळाच्या खोलीतला एअर प्युरिफायर: आषाढ ते संक्रांत, वडगावातला अनुभव

आधी निकाल सांगून टाकते. मशीन ठीक आहे. पण बाळाचं नाक मोकळं व्हायला त्याचा वारा कमी आणि त्याच्यावरचा आकडा जास्त कामाला आला.

आमचं घर बेळगावात, वडगाव भागात. गल्लीत मागंपुढं यंत्रमाग, दिवसभर खटखट. मुलगा पाच महिन्यांचा असताना, ऐन आषाढात, त्याचं नाक रात्री चोंदायला लागलं. ताप नाही, खोकला नाही. नुसती घरघर, आणि दूध पिता पिता मध्येच तोंड सोडून रडणं. एवढी लहान पोरं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात, त्यामुळं नाक बंद की दूध बंद. डॉक्टर म्हणाले, वर्षाच्या आत खरी नाकाची ॲलर्जी क्वचितच असते. बहुतेकदा सर्दीचे विषाणू असतात, नाही तर धूर, धूळ आणि ओल. पण ह्यांना लहानपणापासून शिंकांचा त्रास आहे म्हटल्यावर म्हणाले, मग घराकडं आत्तापासूनच बघा. औषध काय, तर मिठाच्या पाण्याचे थेंब. आणि कापूर-मेंथॉलचं मलम दोन वर्षांच्या आत लावायचं नाही अशी तंबी.

मशीन हेपा फिल्टरचं, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीचं, साडेनऊ हजारांचं. घेताना खोलीचा हिशेब मात्र करा. आमची दहा बाय बारा, उंची दहा फूट, म्हणजे साधारण 34 घनमीटर हवा. तासाला पाच वेळा ती गाळायची तर सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर हवा साफ करून देतं तो आकडा, 170 च्या वर पाहिजे. खोक्यावर 'चारशे चौरस फुटांसाठी' असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आयोनायझरचं, म्हणजे हवेतल्या कणांना विजेचा भार देणारं, बटण असलं तर बंदच ठेवा; त्यातून ओझोन वायू होऊ शकतो आणि तो नाकालाच झोंबतो.

पहिल्यांदा प्रीफिल्टर, म्हणजे मुख्य फिल्टरच्या आधीची जाळी, काढला तेव्हा जाळीवर सुताचा थर बसला होता, दुधावरच्या सायीसारखा अख्खा सुटून आला. त्यात राणी रंगाचे बारीक तंतू. शेजारच्या मागावर तेव्हा त्याच रंगाच्या साड्या लागल्या होत्या. हे सगळं खोलीत फिरत होतं तर! रस्त्याकडेला किंवा मागांच्या गल्लीत राहणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी मशीन घ्यायला हरकत नाही.

खरी गंमत धुरीची. न्हाऊ घातल्यावर बाळाला ओवा, वेखंड आणि लसणाच्या सालींची धुरी द्यायची, हे आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, ठरलेलं. डॉक्टरांचं नाव घेऊन मी बरेच दिवस धुरी नको म्हणून सांगत होते. उपयोग शून्य, सगळी पोरं धुरीवरच वाढली म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतंच. मशीन आल्यावर त्यांनी नेहमीसारखी शेगडी आत आणली. मशीनवरचा पीएम 2.5 चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, आकडा चाळिसातून बघता बघता पाचशेच्या वर गेला, दिवा तांबडा झाला आणि पंखा बोंबलायला लागला. आपल्याकडं चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा 60 आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 15.

"ते एवढं तांबडं कशाला झालंय गं?"

"धुरीला, आत्याबाई."

त्या थोडा वेळ आकड्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "परसात न्हेतो की मग, दुपट्यांनाच दाखवूया." दुसऱ्या दिवसापासून त्याच तपासणीला लागल्या: उदबत्ती किती, डासांची कॉइल किती, मिरचीची फोडणी किती. कॉइल गेली, मच्छरदाणी आली. फोडणीच्या आधी आता त्या स्वतः उठून खोलीचं दार ओढून घेतात. सुनेनं सांगून जे होत नाही ते दिव्यानं होतं, चालू द्या.

मशीनला न जमणारी गोष्ट म्हणजे अंथरुणातले धुळीचे किडे. डोळ्यांना न दिसणारे हे किडे कातडीच्या कोंड्यावर जगतात, पाणी हवेतल्या ओलीतून घेतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा, आणि ती जड असल्यानं हवेत फार वेळ राहत नाही, खाली बसते. मशीन कोपऱ्यात फिरत राहणार आणि बाळाचं तोंड वाकळीत. आमची वाकळ आजेसासूबाईंच्या लुगड्यांची, मऊ, पण श्रावणात धुतली तर वाळणार कधी? म्हणून ती घटाच्या आधीच्या धुण्यापर्यंत गुंडाळून ठेवली. बाळाला पातळ सुती चादर, दर आठवड्याला कडक गरम पाण्यात. साठ अंशांच्या पाण्यात हे किडे मरतात.

सोबत ओल मोजायचं काही शे रुपयांचं घड्याळ घेतलं, ते मात्र सोनं आहे. पहिल्या दिवशी 88 टक्के. खोलीतच लंगोट-दुपट्यांची दोरी बांधलेली होती! ती बाहेरच्या पडवीत नेली तर आकडा सत्तरीत आला. किड्यांना रोखायला पन्नासच्या खाली लागतो. आमच्या पावसात ते शक्य नाही, खानापूर-जांबोटीकडं तर विचारूच नका. तिथं माझ्या माहेरी कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.

मशीनच्या खोड्या: लाईट जाऊन आली की आपोआप सुरू होत नाही, रात्री उठून बटण दाबा. गरम पाण्याची वाफ दिसली तरी धूळ समजून ओरडतं. उलट रंगाचा वास कितीही असो, त्याला पत्ताच नसतो. तिसऱ्या वेगावर बाळ जागं होतं, दुसऱ्यावर झोपतं. सेवा केंद्राला फोन लावला की 'कळवतो' म्हणतात, अजून कळवलेलं नाही.

घरघर भाद्रपदातच कमी झाली, म्हणजे पाऊस संपायच्या आधी. त्यात धुरीचा वाटा किती, वाकळीचा किती, पोरगं मोठं झालं त्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. सर्दी नंतरही झाली, ती होणारच. फिल्टर बदलायला अडीच हजार लागतील, तेवढे घालणार आहे. बाहेरच्या खोलीलाही एक घेऊया असं ह्यांचं चाललंय, त्याला मी नको म्हटलंय. त्या पैशात गादी-उशांना चेन असलेल्या घट्ट विणीच्या खोळी आणि दुसरं ओलीचं घड्याळ माहेरी.